जिनोआ: सावकारांच्या शहरातली संग्रहालयं

इटलीला जाणारी आपली मंडळी रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस आणि पिसाचा कलता मनोरा उरकून परततात. जिनोआ वाटेत लागलंच तर मत्स्यालयापुरता अर्धा दिवस. मत्स्यालय वाईट नाही. १९९२ साली कोलंबसाच्या सफरीला पाचशे वर्षं झाली तेव्हा जुन्या बंदराचा कायापालट झाला, जिनोआचाच वास्तुविशारद रेन्झो पियानो याने तो केला, आणि तेव्हापासून तिथली पोराबाळांची गर्दी काही हटलेली नाही. पण मासे बघायला एवढ्या लांब कशाला जायचं? या शहरात बघायचा तो पैसा. तो कुठून आला, कुणी कुणाला दिला, कुणी बुडवला आणि शेवटी कुणाच्या छतावर सोनेरी वर्ख होऊन चिकटला. माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली, तेव्हा पुढचं सगळं त्या चष्म्यातून लिहिलंय असं समजूनच वाचा.

सुरुवात पालाझ्झो सान जॉर्जोपासून करा. बंदरासमोरच आहे, शोधावं लागत नाही. समुद्राकडची अख्खी भिंत चित्रांनी रंगवलेली, मधोमध घोड्यावरचा संत जॉर्ज अजगराला भाला मारतोय. दुरून खांब, कोनाडे, पुतळे दिसतात. जवळ गेलं की कळतं, त्यातलं बरंचसं नुसतं रंगाचं काम आहे, भिंत सपाट आहे. मागच्या बाजूला मूळ १२६० सालची इमारत आहे, विटांची, मध्ययुगीन, जरा उग्र चेहऱ्याची. तिच्यावर दगडी सिंहमुखं बसवलीत ती जरूर पाहा. जिनोआ आणि व्हेनिस म्हणजे हाडवैरी. कॉन्स्टँटिनोपलमधली व्हेनिसवाल्यांची वास्तू बायझंटाइन सम्राटाने जिनोआला देऊन टाकली, यांनी ती पाडली आणि तिचे दगड जहाजात घालून इथे आणले. शत्रूच्या घराचे दगड स्वतःच्या दारावर! पुढे व्हेनिसचा मार्को पोलो लढाईत यांच्या हाती लागला, आणि १२९८ च्या सुमारास कैदेत असताना त्याने पिसाच्या रुस्तिकेल्लो नावाच्या सहकैद्याला आपल्या प्रवासाची हकिगत सांगितली. ती कैद याच इमारतीतली, असं इथे मानतात.

मला मात्र मार्को पोलोपेक्षा १४०७ महत्त्वाचं. त्या वर्षी इथे बँक ऑफ सान जॉर्जो सुरू झाली. सरकारला कर्ज दिलेले सावकार एकत्र आले, आणि सरकारकडून परतफेड होत नाही म्हटल्यावर त्यांनी करवसुलीच आपल्या हातात घेतली. काही काळ तर अख्खं कॉर्सिका बेट बँकेच्या ताब्यात होतं. थकीत कर्जापोटी ट्रॅक्टर ओढून आणलेला मी पाहिलाय, बेट नाही. कोलंबसाने १५०२ च्या एप्रिलमध्ये याच बँकेला पत्र लिहून आपल्या मिळकतीचा दहावा हिस्सा देऊ केला होता, शहरातल्या धान्यावरचा आणि दारूवरचा कर हलका व्हावा म्हणून. आतल्या दालनात देणगीदारांचे संगमरवरी पुतळे आहेत. ज्याने जास्त दिलं तो बसलेला, त्याहून कमी दिलं तो उभा. असा उघडा हिशेब मी कुठल्याच देवळाच्या देणगीफलकावर पाहिलेला नाही. सध्या इथे बंदर प्राधिकरणाचं कार्यालय आहे, त्यामुळे आत जायला मिळेलच असं नाही. प्रदर्शन किंवा खास दिवस असला तर सोडू नका, नसला तर बाहेरून पाहूनही समाधान होतं. एकच वैताग: इमारत आणि समुद्र यांच्यामधून साठच्या दशकातला उड्डाणपूल गेलाय. संत जॉर्जाचा सरळ फोटो काढायचा तर पुलाचा खांब मध्ये येतोच.

बंदराकडून आत वळलं की गल्ल्या लागतात. इथे त्यांना ‘कारुज्जी’ म्हणतात. इतक्या अरुंद, की दोन्ही हात पसरले तर बोटं दोन्ही भिंतींना लागावीत, आणि घरं सहासात मजली. ऊन खाली पोचतच नाही. काही गल्ल्या दिवसाही कळकट वाटतात, आणि रात्री एकट्याने शिरू नये अशाही आहेत. पर्स पुढे धरून चालायचं, एवढं भान ठेवलं की झालं. आणि याच अंधारात मोठमोठे वाडे दडलेले. बाहेरून एक काळपट दरवाजा, आत संगमरवरी जिना, कारंजं, रंगवलेलं छत. ही श्रीमंती रस्त्यावरून दिसत नाही, दार ढकलावं लागतं.

वाड्यांचा मान खरा स्ट्राडा नुओव्हाला, म्हणजे आताच्या व्हिया गारिबाल्दीला. सोळाव्या शतकात बड्या घराण्यांनी गल्ल्यांच्या वर एक सरळसोट नवा रस्ता आखला आणि दोन्ही बाजूंना वाडे बांधले. चित्रकार रुबेन्स इतका भारावला, की त्याने १६२२ साली या वाड्यांचे नकाशे छापून काढले. पण मला आवडली ती ‘रोल्ली’ची पद्धत. जिनोआ प्रजासत्ताक होतं, राजा नाही, त्यामुळे पाहुण्यांसाठी राजवाडाही नाही. मग पोपचा दूत किंवा परदेशी राजपुत्र आला तर उतरवायचा कुठे? १५७६ मध्ये सरकारने पाहुण्यांना उतरवण्याजोग्या वाड्यांची अधिकृत यादी केली, त्यांची प्रतवारी लावली, आणि पाहुणा आला की चिठ्ठी टाकून मालक ठरवायचे. ज्याचं नाव निघेल त्याने सरकारी पाहुण्याची सरबराई करायची. थोडक्यात, सरकारी खर्च श्रीमंतांच्या खात्यावर नावे! या यादीतले ४२ वाडे २००६ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले. वसंतात आणि शरदात ‘रोल्ली डेज’ असतात, तेव्हा एरवी बंद असलेले खाजगी वाडेही उघडतात आणि विद्यार्थी ते हौसेने समजावून सांगतात. तारखा जुळत असतील तर जिनोआचा बेत त्या दिवसांभोवतीच आखा.

एरवी याच रस्त्यावरचे रोस्सो, बियांको आणि तुर्सी हे तीन वाडे एकाच तिकिटात बघता येतात, आणि जिनोआत एकच तिकीट काढायचं असेल तर हे काढावं. पालाझ्झो रोस्सो ब्रिन्योले-साले घराण्याचा, सतराव्या शतकातला. आत व्हॅन डाइकने काढलेली घरच्यांची चित्रं आहेत. घोड्यावर बसलेला आन्तोन जुलिओ हातात टोपी घेऊन असा रुबाबात येतो, जणू कुणी राजाच. घोड्यावरचं चित्र हा खरं तर राजांचा मान. व्यापाऱ्याच्या पोराने तो विकत घेतला. घराण्याची शेवटची वारस मारिया, गाल्लिएराची डचेस. तिने १८७४ मध्ये हा वाडा आतल्या चित्रांसकट शहराला देऊन टाकला. वर गच्चीवर जायला विसरू नका. पाटीच्या दगडाची करडी छपरं, त्यांच्यामधून वर आलेले घंटामनोरे, पलीकडे बंदरातल्या क्रेन. खाली गल्लीत न दिसणारं आकाश इथे भरपाईसकट मिळतं.

पालाझ्झो तुर्सी म्हणजे आजची नगरपालिका. हा बांधला निक्कोलो ग्रिमाल्दीने. स्पेनच्या दुसऱ्या फिलिपचा हा सावकार इतका गब्बर, की लोक त्याला ‘राजा’च म्हणत. पण फिलिपने आपल्या कारकिर्दीत एकदा नव्हे, अनेकदा दिवाळं जाहीर केलं. १५९७ मध्ये वाडा दोरिया घराण्याकडे गेला. सरकार म्हणजे बिनधोक ऋणको, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. त्या प्राध्यापकांना या अंगणात आणून उभं करायला हवं होतं.

तुर्सीच्या आत, शेवटच्या दालनांपैकी एकात, विख्यात व्हायोलिनवादक पागानिनीचं व्हायोलिन आहे. मला संगीतातलं फार कळत नाही, आमच्या ह्यांना कळतं. मी आपली काचेला नाक लावून वस्तू पाहत होते. १७४३ साली ग्वार्नेरी देल जेझू या क्रेमोनाच्या कारागिराने बनवलेलं, आवाज एवढा दणदणीत की पागानिनी त्याला ‘कानोने’, म्हणजे तोफ म्हणायचा. तांबूस तपकिरी लाकूड, आणि जिथे हनुवटी टेकते तिथलं वॉर्निश पार उडालेलं. त्या काळी हनुवटीचा आधार लावायची पद्धत नव्हती. माणसाची दाढी आणि घाम थेट लाकडावर. तो झिजलेला डाग पाहून मला त्या वाजवणाऱ्या माणसाची जेवढी खात्री पटली, तेवढी त्याच्या चित्रांवरून पटली नाही. मृत्युपत्रात त्याने ते जिनोआला दिलं, कायम जपून ठेवावं म्हणून. शहराने ते नुसतं कुलपात ठेवलं नाही. पागानिनी स्पर्धेच्या विजेत्यांना ते वाजवायला मिळतं. शेजारीच व्हुईयोम या फ्रेंच कारागिराने केलेली त्याची नक्कल आहे. ह्यांनी दोन्हींमधला फरक मला समजावायचा बराच प्रयत्न केला.

बाकीच्या खोल्यांमधली फर्निचर, भरजरी पडदे आणि चिनीमाती मी भराभर ओलांडली. त्यापेक्षा गल्लीतला पालाझ्झो स्पिनोला बरा. पियाझ्झा पेल्लिच्चेरिया नावाच्या छोट्याशा चौकात आहे, दोनदा विचारल्याशिवाय सापडत नाही. १९५८ मध्ये घराण्याने तो सरकारला दिला, आणि घर अजून घरासारखंच ठेवलंय, संग्रहालयासारखं नाही. मधल्या मजल्यावर जुनं स्वयंपाकघर आहे. वर आन्तोनेल्लो दा मेस्सिनाचा काट्यांचा मुकुट घातलेला येशू. छोटं चित्र, पण त्या रडवेल्या चेहऱ्यासमोरून हलवत नाही. इथे गर्दी अजिबात नव्हती.

सान लोरेन्झो हे मुख्य चर्च काळ्यापांढऱ्या दगडी पट्ट्यांचं. दर्शनी भिंतीवर एक छोटं झोपलेलं कुत्रं कोरलंय. ते शोधून काढा, मुलं बरोबर असतील तर तेवढाच त्यांचा वेळ जातो. आत गेल्यावर उजव्या हाताला एक तोफगोळा उभा करून ठेवलाय. ९ फेब्रुवारी १९४१ ला ब्रिटिश आरमाराने शहरावर मारा केला, त्यातला हा गोळा छत फोडून आत आला आणि फुटलाच नाही. संगमरवरी खांबांशेजारी तो माणसाच्या छातीएवढा लोखंडी ऐवज निवांत उभा आहे, आणि बाजूला आभाराची पाटी.

तिकीट आहे ते तळघरातल्या खजिन्याला. चर्चमध्ये आलेले दहातले नऊ जण तिथे उतरतच नाहीत. वास्तुविशारद फ्रान्को आल्बिनीने १९५६ मध्ये केलेली ही गोल दगडी दालनं, करड्या दगडाची, मंद उजेडाची, संग्रहालय कसं मांडावं याचा धडा आहेत. मुख्य वस्तू ‘साक्रो कातिनो’: हिरवं, षट्कोनी, रुंद तोंडाचं पात्र. ११०१ मध्ये पॅलेस्टाइनमधल्या सेसारिया शहराच्या लुटीत मिळालं. शतकानुशतकं समजूत अशी, की हे अखंड पाचूचं आहे आणि येशूच्या शेवटच्या भोजनातलं हेच ते पात्र. चौदाव्या शतकात पैशांची चणचण भासली तेव्हा ते एका कार्डिनलकडे गहाण ठेवून शहराने कर्ज उचललं आणि पुढे फेडून सोडवलं. मग नेपोलियनच्या लोकांनी ते पॅरिसला नेलं. १८१६ मध्ये परत आलं ते तुकड्यांत, आणि पाचूची जी काही उरलीसुरली आशा होती तीही संपली. काच! सोनेतारण शाखेत काम केलेल्या कुणालाही इथे हसू फुटेल. आमच्या मूल्यांककाने निदान कसोटीचा दगड तरी लावला असता. पण काचही आहे फार सुंदर, आणि ज्यावर कर्ज मिळालं आणि फिटलं ती वस्तू, बँकेपुरती तरी, खरीच.

कोलंबसाचं घर म्हणून सगळे पोर्ता सोप्रानाजवळ जातात. बाराव्या शतकातला तो दोन बुरुजांचा दरवाजा भव्य आहे, जर्मन सम्राट बार्बारोस्सा चालून येईल म्हणून बांधलेल्या तटबंदीचा. घर मात्र मूळ राहिलेलं नाही. १६८४ च्या फ्रेंच तोफमाऱ्यात ते गेलं, आहे ते अठराव्या शतकात पुन्हा उभारलेलं. बाहेरून फोटो काढा, शेजारी सान्त’आन्द्रेयाच्या मठाच्या उरलेल्या कमानी आहेत त्यांच्या सावलीत पाच मिनिटं बसा, आणि तिकिटाचे पैसे पुढच्या ठिकाणासाठी ठेवा.

पुढचं ठिकाण म्हणजे गालाता सागरी संग्रहालय. जुन्या जहाज-कारखान्याच्या जागी २००४ मध्ये सुरू झालं. यासाठी अर्धा दिवस लागतोच. तळमजल्यावर सतराव्या शतकातल्या गॅली जातीच्या जहाजाची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे, वल्ह्यांच्या बाकांसकट. बाकावर कोण बसायचे ते नीट वाचा. गुलाम आणि शिक्षा झालेले कैदी तर होतेच, पण तिसरा प्रकार ‘बुओनाव्होल्या’, म्हणजे राजीखुशीने आलेले. राजीखुशी कसली! त्यातले पुष्कळसे कर्जात बुडालेले किंवा खायला मोताद झालेले, देणं फिटावं म्हणून साखळीत बसणारे. वर त्या पैशातून रंगलेले वाडे पाहून आल्यावर हा बाक पाहावा, आधी नाही. मी एक वल्हं हलवून पाहिलं. एकट्या माणसाचं काम नाही ते.

वरच्या मजल्यावर जहाजाने अमेरिकेला गेलेल्या इटालियन गरिबांची कहाणी आहे. तिसऱ्या वर्गाच्या एकावर एक रचलेल्या खाटा, तपासणीचे प्रश्न, बाडबिस्तरा. याच विषयावरचं स्वतंत्र राष्ट्रीय संग्रहालय २०२२ मध्ये जवळच्या कोम्मेन्दा दि प्रे या बाराव्या शतकातल्या यात्रेकरूंच्या धर्मशाळेत उघडलंय. ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांनी दोन्ही पाहावीत, पण एका दिवशी नको.

गालाताच्या समोर पाण्यात नाझारिओ साउरो ही खरी पाणबुडी बांधून ठेवलीय. १९७६ मध्ये पाण्यात उतरलेली, २०१० पासून लोकांसाठी खुली. आत डोक्याला शिरस्त्राण घालून जायचं, आणि ते का, हे दुसऱ्याच दारात कळतं. गोल दारांतून पाय आधी टाकून वाकून जावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करून उतरावं, मध्येच मागे फिरायला जागा नाही. आमचे हे बाहेर बाकावर बसले. मी गेले आणि पाणतीर शेजारी ठेवून झोपायच्या खाटा पाहून आले.

आता मॅझिनी, इटलीच्या एकीकरणासाठी झटलेला क्रांतिकारक. हे नाव मराठी घरात आलं ते सावरकरांमुळे. मॅझिनीच्या आत्मचरित्राचा त्यांनी केलेला अनुवाद १९०७ साली पुण्यात छापला गेला, आणि त्याची प्रस्तावना माझ्या आजोबांना उतारेच्या उतारे पाठ होती. व्हिया लोमेल्लिनीतल्या ज्या घरात मॅझिनी १८०५ मध्ये जन्मला तिथे रिसोर्जिमेंतो, म्हणजे इटलीच्या एकीकरणाच्या चळवळीचं संग्रहालय आहे. झेंडे, लाल डगले, पत्रं, तसबिरी. इटलीच्या राष्ट्रगीताचं, म्हणजे विशीतल्या मामेली या कवीने १८४७ मध्ये लिहिलेल्या गीताचं हस्तलिखितही याच संस्थेने जपलंय. मांडणी साधी, जुन्या वळणाची, कागद पुष्कळ. इतिहासाची आवड नसेल तर वीस मिनिटांत कंटाळाल. मी दोन तास होते. जाण्याआधी वेळा नक्की तपासा, रोज सारख्या नसतात.

मॅझिनीची समाधी शहराबाहेर स्ताल्येनोच्या दफनभूमीत आहे. बसने जावं लागतं, प्रवेश मोफत. १८५१ मध्ये उघडलेली ही जागा म्हणजे उघड्यावरचं शिल्पसंग्रहालयच. लांबच लांब ओवऱ्या, आणि प्रत्येक कमानीखाली संगमरवरात हुबेहूब कोरलेली माणसं: बटणं, लेस, विस्कटलेली चादर. वर्षानुवर्षांची धूळ उताराच्या भागांवर बसून काळी झालीय, त्यामुळे जिथे उजेड पडायला हवा तिथे सावली दिसते. मॅझिनीची समाधी वर झाडीत आहे, बुटक्या जाड खांबांची, वर नुसतं नाव.

पण तिथे जाऊन एकच पुतळा पाहायचा तर कातेरिना काम्पोदोनिकोचा. ही जत्रांमधून हेझलनटच्या माळा आणि गोल कड्यांसारखे पाव विकणारी बाई. आयुष्यभर पै-पै साठवली, आणि त्या पैशातून लोरेन्झो ओरेन्गो या नावाजलेल्या शिल्पकाराकडून १८८१ मध्ये, स्वतः जिवंत असताना, स्वतःचा पूर्ण उंचीचा पुतळा करून घेतला. सावकार आणि जहाजमालकांच्या रांगेत ही उभी. अंगावर ठेवणीतले कपडे, शालीच्या झालरीचा दोरा न् दोरा सुटा, आणि हातात माळा आणि पाव, म्हणजे धंद्याचा माल. चेहरा अजिबात गोड केलेला नाही. खाली जिनोआच्या बोलीतली कविता कोरलीय. लोक अजून तिच्यापुढे फुलं ठेवतात. सान जॉर्जोत बसलेला पुतळा मिळवायला केवढी रक्कम लागत असे. हिने माळा विकून उभा तरी मिळवलाच.

बाकी व्यवहाराचं. सोमवारी नगरपालिकेची बहुतेक संग्रहालयं बंद असतात, तो दिवस स्ताल्येनो किंवा बंदराला द्या. शहर डोंगरउतारावर आहे. पियाझ्झा पोर्तेल्लोमधून कास्तेल्लेत्तोला वर नेणारी जुनी लिफ्ट आहे, आणि वरून दिसणारा देखावा फुकट. १५४३ मधला ७७ मीटर उंच दीपस्तंभ, लान्तेर्ना, पाय मजबूत असतील तरच. वर जाऊन मुख्यतः कंटेनर दिसतात, मला तेही आवडले. शाकाहारी लोकांची उपासमार होत नाही: फोकाच्चा, पेस्तो, आणि मोठ्या तांब्याच्या परातीत भट्टीत भाजलेली हरभऱ्याच्या पिठाची फारिनाता. ती गल्लीतल्या भट्टीवाल्याकडून गरम घ्या, वर मिरपूड मागून. बंदरासमोरच्या एका हॉटेलात तीच आम्हाला थंडगार आणि तिप्पट दराने मिळाली होती.